शिडी धरायची नाही

माझे पप्पा शिड्या बनवतात, हे मी शाळेत असल्यापासून छाती फुगवून सांगत आले आहे. कुणाचे वडील साहेब होते, कुणाचे दुकानदार. मी म्हणायचे, ते सगळे दिवा बदलायला चढतात ना, ते माझ्या पप्पांच्या जिवावर चढतात.

आमचा कारखाना आणि घर एकच होतं. पुढच्या लांबट खोलीत लाकूड, रंधा, पटाशी आणि भुसा. मागे दोन खोल्यांत आम्ही. भुसा मात्र भिंती मानत नसे. तो अंथरुणात, चहात, आईच्या केसांत सगळीकडे असायचा. आई म्हणायची, "मी माणसाशी नाही, रंध्याशी लग्न केलंय."

पप्पांची शिडी तपासण्याची एक रीत होती. कारखान्याच्या भिंतीला वर दोन घासलेल्या खुणा होत्या आणि खाली फरशीत खाच. नवी शिडी तिथे टेकवायची, गिऱ्हाइकाला समोर उभं करायचं आणि पप्पा स्वतः वर चढायचे. टोकाला गेले की दोन्ही हात सोडून द्यायचे आणि तिथूनच गप्पा मारायचे, "काय, पोरं कशी आहेत?" गिऱ्हाइकाचं धाबं दणाणायचं. चढताना शिडी कुणी धरायची नाही, हा नियम. धरलेल्या शिडीवरून धरणाऱ्याची ताकद कळते, शिडीची नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्या शिडीवर ते स्वतः उभे राहिले नाहीत, ती शिडी आमच्या दारातून बाहेर पडत नसे.

बोलण्याचंही तसंच. "बघतो" म्हणाले तर खरं धरू नका. "शनिवारी देतो" म्हणाले की काळ्या दगडावरची रेघ. दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचे आणि देवाच्या वचनांकडेही त्याच नजरेने बघायचे. घरी येऊन आईला विचारायचे, "आज पाळकांनी सांगितलं ते त्याने खरंच कबूल केलंय, की पाळकांना तसं वाटतंय?" आई म्हणायची, "जेवा आता गुपचूप."

पप्पांचा उजवा डोळा लहानपणीच गेला होता. मग डावाही अंधुक व्हायला लागला. रेघ एकीकडे आणि करवत दुसरीकडे जायला लागली, तेव्हा आईने त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करून पाहू, पण खात्री देत नाही. पप्पांना तो डॉक्टर फार आवडला.

खात्री दिली ती पाववाल्या भाऊंनी. भाऊंची बेकरी कोपऱ्यावर, आवाज भट्टीएवढा गरम आणि मन पावाइतकं मऊ. जिभेला मात्र हाड नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या रविवारी त्यांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत प्रार्थना केली आणि जाहीर केलं, "प्रभूने मला दाखवलंय! पट्टी सुटेल तेव्हा तू सगळ्यात आधी बायकोचं तोंड बघशील!"

सगळे आमेन म्हणाले. पप्पा म्हणाले, "भाऊ, तसं झालं तर मला आनंदच. पण तसं त्याने मला कबूल केलेलं नाही."

"अरे, विश्वास ठेव!"

"ठेवलाय. तो जेवढं बोललाय तेवढ्यावर."

मला तेव्हा पप्पांचा राग आला. शुभ बोललं तर काय बिघडतं?

पट्टी सोडली ती सकाळी. नर्सने खिडकीचा पडदा आधीच बाजूला सारला होता, उन्हाची तिरीप पप्पांच्या गुडघ्यांवर पडली होती. पट्टीचा शेवटचा वेढा निघाला. पप्पांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पडदा उघडा ना जरा."

"उघडाच आहे," नर्स म्हणाली. तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी हात पुढे केला. "तू आहेस ना इथे?"

"आहे की. मी कुठे जाणार?" आई म्हणाली. मग पप्पा रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. डोळे गेले, आता काम जाणार हे दिसतच होतं. पण मला खरी भीती वेगळीच होती. या माणसाने आयुष्यभर देवाच्या एकाच शब्दावर पाय ठेवला होता. तो शब्दच पायाखालून गेला, असं त्यांना वाटलं तर?

घरी आल्यावर भाऊ आले. हातात ताजा पाव, तोंड एवढंसं झालेलं. बसले, उठले, परत बसले आणि शेवटी म्हणाले, "कुठेतरी आपला विश्वास कमी पडला रे."

पप्पांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी ऐकला. "भाऊ, शिडी जेवढी उंच, तेवढीच चढायची असते. तुम्ही तिला मनातल्या पायऱ्या जोडल्या. तिथे पाय टाकला की माणूस पडणारच. दोष शिडीचा का?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "डोळे देईन असं तो बोललाच नव्हता. सोबत राहीन म्हणाला होता, अंधारातसुद्धा. आता अंधार आलाय. बघू." आणि स्वतःच हसले. "बघू कसलं! चालून पाहू."

भाऊंनी डोळे पुसले आणि पाव तिथेच विसरून गेले.

पप्पा कामाला लागले. मी मापं घ्यायची, खुणा करायची, भोकं पाडायची. पायऱ्या बसवणं आणि पाचरी ठोकणं त्यांचं. ठोकल्याचा आवाज ऐकून म्हणायचे, "ही सैल आहे, काढ." आधी बोटं ठेचली, लाकूड वाया गेलं, एकदा रंधाच फेकून दिला. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर रांगत तो शोधला आणि परत सुरू. शेवटी एक शिडी उभी राहिली. मागणी भाऊंचीच होती, बेकरीची पाटी लावायला.

भाऊ न्यायला आले आणि घाईघाईने म्हणाले, "तपासायची गरज नाही. माझा विश्वास आहे."

"तुमचा असेल," पप्पा म्हणाले. "माझ्या शिडीवर आधी मी."

आई आडवी आली. "अहो, वेड लागलंय का? पोरगी चढेल."

"तिने चढावं असं वाटत असेल तर आधी मला चढू दे."

त्यांनी भिंतीवरच्या खुणा चाचपल्या, शिडीचे पाय खाचेत बसवले आणि चढायला लागले. अर्ध्यावर गेले आणि थांबले.

"कुणी धरलीय?"

आईने धरली होती. दोन्ही हातांनी, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"सोड."

"पडलात तर?"

"पडलो तर माझ्या चुकीने पडेन. ती मोडणार नाही. सोड बघू."

आईने हात सोडले. पण ते शिडीपासून वीतभर अंतरावर तसेच हवेत धरून ठेवले. पप्पा एकेक पायरी पायाने शोधत टोकाला गेले. तिथे दोन्ही हात सोडून दिले. आणि एरवीसारखं खाली न बघता मान ताठ करून, समोरच्या अंधाराकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "काय भाऊ, पोरं कशी आहेत?"

 भाऊ हुंदके देत होते. मी मात्र रडले नाही. मला त्या क्षणी अख्ख्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटत होतं, या, बघा, हा माझा बाप!

पप्पा खाली उतरले. भाऊंनी त्यांचे हात धरले. "अरे, भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पाय लटपटत होते माझे." पप्पांनी शिडीवर थाप मारली. "पायरी लटपटली का, ते सांगा."

"नाही," भाऊ म्हणाले.

"मग न्या."