धाकटीची बदली

थोरली आणि धाकटी या दोघी जावा एकाच खोलीत राहायच्या, एकाच लॉन्ड्रीत कामाला जायच्या, पण एकमेकींना भेटायच्या त्या दारातच. एक पाळीवरून परतायची तेव्हा दुसरी निघालेली असायची. दोघींत कधी भांडण झालं नाही, याचं श्रेय शेजारीण त्यांच्या स्वभावाला द्यायची. खरं ते पाळ्यांचं होतं.

लॉन्ड्री म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. हॉटेलांच्या आणि दवाखान्याच्या चादरी तिथे धुवायला यायच्या आणि पोटापाण्यासाठी गाव सोडून आलेल्या बायका त्यांना इस्त्री करून घड्या घालायच्या. मुकादमाला बायकांचे चेहरे पाठ नव्हते, टेबलं पाठ होती. टेबल रिकामं दिसलं की दुसरीला मिळालंच म्हणून समजा. त्यामुळे कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाची पाठ धरली, की ती आपल्या जागी बहीण, भावजय, शेजारीण, जी हाताला लागेल तिला धाडायची. याला बदली म्हणत. एकदा एकीने चक्क सासूला पाठवलं. म्हातारीने दिवसभर चादरींपेक्षा मुकादमालाच जास्त सरळ केलं, पण टेबल वाचलं.

धाकटी बाळंत झाली तेव्हा थोरलीने दोन्ही पाळ्या ओढल्या. शेवटी तिची कंबर गेली आणि ती म्हणाली, "आता मात्र तूच ये बाई." धाकटी गेली. टाके अजून ओले होते. अंगात ताप चढायचा, उतरायचा. कुणी विचारलं तर "बरी आहे" म्हणायची, आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच काही वाटत नव्हतं. चादर आली की ओढायची, घडी घालायची, पुढे सारायची. बाळ रडलं की उचलायचं, पाजायचं, ठेवायचं. दोन्हीत तिला फारसा फरक राहिला नव्हता.

दवाखान्याने बाळाच्या आईला तपासणीसाठी बोलावलं होतं. तो दिवस नेमका धाकटीच्या पाळीत आला.

"ताई, तुम्ही जाऊन या ना," धाकटी म्हणाली.

"मी? बाळंत तू झालीस."

"तुम्हीही झाला होतात की."

थोरलीला हे पटलं. कामावर चालतं, मग तिथे का नाही चालणार? बाळाला उचलून ती गेली आणि संध्याकाळी मिरवत परतली.

"रक्तदाब झकास. आणि टाके बघून सिस्टर म्हणाली, इतके छान भरलेले क्वचितच बघायला मिळतात."

थोरलीचा मुलगा आता जिने चढत-उतरत होता. टाके छान भरलेले असणारच.

"म्हणजे मी बरी आहे?" धाकटीने विचारलं.

"ठणठणीत. सिस्टरनेच सांगितलं."

धाकटीच्या नवऱ्यानेही मान डोलावली. सिस्टरने सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. कपड्यांना वास यायचा, तो धाकटी साबण लावून घालवायची. ताप यायचा, पण आता तो कुणा दुसरीचा असल्यासारखा यायचा.

पुढे बाळाच्या लशीचा दिवस सुट्टीला आला, म्हणून दोघी मिळून गेल्या. सिस्टरने थोरलीला लगेच ओळखलं.

"या आई, बसा. आणि या कोण?"

"या काकू," थोरली बोलून गेली.

"काकूंना बरं नाही का? चेहरा बघा कसा उतरलाय."

खरं सांगितलं तर आपल्याला इथून हाकलतील, बाळाची लसही राहील, या भीतीने मुकादमाच्या एका शब्दाला तीन शब्द देणारी थोरली पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. धाकटी भिंतीकडे बघत होती. तेवढ्यात बाळाला सुई टोचली आणि ते किंचाळलं. धाकटीचा कुडता समोरून दुधाने ओला झाला.

सिस्टरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे.

"मी बदली आहे, सिस्टर," थोरली म्हणाली. "आई ही. बाळाला मात्र पुढच्या लशींना येऊ द्या."

सिस्टर रागावली नाही. तिने धाकटीला पडद्याआड नेलं. तिथे तिने टाके तपासले.

"दुखतंय?"

"माहीत नाही."

"ताप कधीपासून आहे?"

"ताईंना विचारा. त्यांच्या लक्षात असतं."

टाके आतून पिकले होते. आजच दाखल व्हायला हवं, उशीर केला तर जिवावर बेतेल, असं सिस्टरने सांगितलं. धाकटीने ते नीट ऐकून घेतलं.

"माझी उद्या पाळी आहे," ती म्हणाली. "इथे ताई राहिल्या तर चालेल?"

पडद्यापलीकडे थोरलीला हसू आलं आणि मग ते थांबवता येईना. तिने तोंडावर पिशवी दाबून धरली. "अगं बये, इथे तूच लागतेस," ती आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "तुझं टेबल मी बघते."

बाळाला धाकटीच्या शेजारी ठेवून ती निघून गेली.

धाकटीच्या हाताला सुई लावली, बाटली टांगली. खाटेवर घालायला आणलेली चादर सिस्टरने झटकली, तेव्हा धाकटीला घडी दिसली. एक कोपरा आत दुमडून राहिलेला, त्यावर इस्त्री फिरलेली. सगळ्या लॉन्ड्रीत असली गबाळी घडी घालणारी एकच बाई होती, ताई.

तिने मोकळ्या हाताने तो कोपरा बाहेर काढला आणि सपाट केला. मग आडवी झाली.