दादाचे पिवळे डोळे, वहिनीचे पांढरे

दादाचे डोळे पिवळे झाले आणि खोडदला माझ्या माहेरी अशी रडारड सुरू झाली की माझं डोकंच फिरलं. मी आळेफाट्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. रिपोर्ट मीच घेऊन आले होते: हेपॅटायटिस सी, तोही ताजा. कांदा काढताना कंबर धरली म्हणून दादा-वहिनीनं मोटारसायकलवर फिरणाऱ्या एका इंजेक्शनवाल्याकडून टोचून घेतलं होतं. दोघांना एकच सुई, आधी कुणाकुणाला टोचलेली. लई गुण येतो म्हणे!

आता प्रश्न एवढाच होता, की विषाणू आपसूक निघून जातो, की यकृतात कायमचं ठाण मांडतो. ते कळायला सहा महिने थांबावं लागणार होतं.

आईनं दादाला काविळीची माळ घातली. मुळ्यांचे तुकडे ओवलेली ही माळ जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते, अशी तिची खात्री.

"अगं, दोरा सैल पडतो म्हणून लांबते ती," मी म्हटलं.

"तुला काय कळतंय त्यातलं?" आई म्हणाली. मला!

मग मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. म्हटलं, रक्तात काही पेशी जन्मापासून राखणीला असतात. मळ्यातलं कुत्रं अनोळखी माणसावर ओळखपाळख न विचारता धावून जातं, तशा. विषाणू शिरलेली यकृताची पेशी दिसली की तिला त्या मारून टाकतात. त्या मारामारीत यकृत सुजतं आणि डोळे पिवळे होतात. "दादाचं अंग भांडतंय. या आजारात कावीळ झालेल्यांचाच विषाणू आपणहून जायची शक्यता जास्त. रडताय काय?"

वहिनी दारात उभी राहून हसत होती. "माझं डोळं बघा, कसं पांढरंशुभ्र! मला काय धाड भरलीय?"

तिचं रक्त मी घ्यायलाच हवं होतं. पण "कांदा भरायचाय वन्सं, मागनं बघू" म्हणाली आणि तिचे डोळे बघून मीही ते सोडून दिलं. डोळे पांढरे म्हणजे अंग भांडतच नसेल, हेही सुचलं नाही. आत्ताच एवढं भाषण ठोकलेली मी!

सहा महिन्यांनी दादाचा रिपोर्ट आला. विषाणू गेला होता. आईनं माळेला हात जोडले, मी पेढे वाटले. वहिनीला पेढा देताना एकदम आठवलं, सुई तर दोघांना एकच होती. तिचं रक्त तिथंच काढलं.

तिच्यात विषाणू होता. शांतपणे मुक्काम करून बसलेला.

"वहिनी, तीन महिने गोळ्या घ्यायच्या. यावर पक्कं औषध आहे, तू बरी होणार म्हणजे होणारच," मी म्हटलं, आणि तसं मला खरंच वाटत होतं.

तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "सा महिनं झालं वन्सं, पीठ मळताना हात गळून जात्यात. कुणी इचारलंच न्हाई."