धर्मशाला जिम्मेदार नहीं

संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला आणि यज्ञेश्वरपंतांची दप्तरातली कारकुनी गेली. पण माणूस रडतराऊ नव्हता. क्षिप्रेकाठी रामघाटाजवळच्या एका छोट्या धर्मशाळेत व्यवस्थापकाची जागा मिळाली, वर राहायला दोन खोल्या मिळाल्या, एवढ्यावर स्वारी खूश होती.

एकदा एका यात्रेकरूची पेटी चोरीला गेली आणि भरपाई विश्वस्तांच्या गळ्यात पडली. मुख्य विश्वस्त श्रीधरपंत हे फ्रीगंजातले वकील. ते तणतणत आले.

"आजच्या आज पाटी लावा. सामानाची जबाबदारी आपली नाही. पुन्हा असा लफडा झाला तर खोल्या खाली करा."

लिहिणं म्हणजे यज्ञेश्वरपंतांच्या हातचा मळ. 'तमाम यात्रियों को इत्तला दी जाती है' अशी दरबारी सुरुवात करून त्यांनी चोर, आग, पूर आणि माकडं यांतल्या कुणालाही वगळलं नाही. बायको मंगलाबाई वाचून म्हणाल्या, "अहो, ही इबारत वाचून होईपर्यंत बिचाऱ्याचं सामान खरंच जायचं!"

मग काटछाट झाली. 'सामान अपने पास रखें. खो जाने पर धर्मशाला जिम्मेदार नहीं.'

"बढिया!" श्रीधरपंत म्हणाले. "यात कुठल्या वकिलाला फट सापडायची नाही."

पण वाचता येणारे यात्रेकरू किती? पंत प्रत्येकाला पाटी वाचून दाखवत आणि समोरच्याचा चेहरा उतरला की त्यांच्या तोंडून निघून जाई, "वैसे मैं यहीं बैठा हूँ, फिकर मत करो." झालं, सगळी मेहनत पाण्यात! एक दिवस हे नेमकं श्रीधरपंतांच्या कानावर पडलं.

"हात जोडतो, पंत! तोंडाने जबाबदारी घेतलीत की पाटी फुकट. पाटी वाचा आणि गप्प बसा, नाहीतर खोल्या सोडा."

दुसऱ्या दिवशी निमाडातली एक म्हातारी एकटीच आली. पंतांनी पाटी वाचली आणि ओठ मिटून घेतले. म्हातारीने गाठोडं पोटाशी धरलं आणि पायरीवरच बसून राहिली. समोर क्षिप्रा, पर्वाचा दिवस, आणि इतक्या लांबून जिच्यासाठी आली ती आंघोळ गाठोड्यापायी राहत होती. पंतांना स्वतःची लाज वाटली. खोल्या जाण्याची भीतीही काही कमी नव्हती.

शेवटी ते उठले, रंगाचा डबा काढला आणि पाटीखाली एक ओळ घातली: 'यज्ञेश्वर जिम्मेदार है.' आता काही गेलं तर भरपाई त्यांच्या खिशातून. धर्मशाळा मोकळी, वकिलालाही बोट ठेवायला जागा नव्हती.

मंगलाबाई जिन्यातून हे पाहत होत्या. आता बोलणी बसणार म्हणून पंतांनी मान खाली घातली.

"माझंही नाव घाला," त्या म्हणाल्या. "दुपारभर तुम्ही घोरता, तेव्हा गाठोडी राखतं कोण?"

पंतांनी हसून ब्रश पुन्हा रंगात बुडवला. घराच्या, दुकानाच्या, कसल्याच पाटीवर बाईंचं नाव कधी लागलं नव्हतं. ते पहिल्यांदा लागलं ते असं, जोखमीच्या जागी, आणि बाई पदर खोचून म्हातारीचं गाठोडं घ्यायला पुढे झाल्या.