शिंपल्यांचा चुरा

नवरा गेला, सासू गेली, त्यांनाही हे कधी कळलं नाही. आज तुम्हाला सांगते आहे — आणि सांगतानाही वाटतंय, राहू दे.

ब्रह्मपुरीच्या अलीकडे आमचं गाव, घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा. आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी मी नवी सून होते. सासूने कोंबड्या माझ्या ताब्यात दिल्या. तलावाकाठचे शिंपले वाळवायचे, दगडावर बारीक कुटायचे, तो चुरा आणि मूठभर सुके झिंगे तांदळाच्या कोंड्यात कालवायचे. तिच्या कोंबड्यांच्या अंड्यांचं कवच टणक, बलक हळदीसारखा. बाजारात बाया तिचं नाव घेऊन अंडी मागायच्या.

मला त्या शिंपल्यांचा वास सहन होत नसे. पण खरं सांगू? वास नुसतं निमित्त. मला आळस होता, आणि सासूचा राग होता. तिच्या कौतुकासाठी मी का कुटावं? शिंपले कुंपणापलीकडे फेकायची, नुसता कोंडा घालायची. सासूने विचारलं की म्हणायची, घातला चुरा.

महिन्याभरात अंडी मऊ पडू लागली. उचलताना पातळ कातडं बोटांखाली दबायचं. काही तर खुराड्यातच फुटायची.

मऊ अंडं म्हणजे करणी, असं आमच्याकडे मानत. कुणाची? शेजारी काशीबाई राहायची — विधवा, मूलबाळ नाही, रोज सकाळी आमच्या चुलीतला विस्तव न्यायला यायची. सासूला दुसरं कोण सुचणार!

काशीबाईला मात्र खरं कळलं होतं. एकदा अंडं हातात घेऊन हळूच म्हणाली, "पोरी, तू शिंपले कुटत नाईस ना? सासूले सांगून टाक. रागावन अन् गप बसन." मी तोंड फिरवलं.

मग सासूने तिला आमचं अंगण बंद केलं. तेव्हा मी घाबरले. बोलले नाही — कुटू लागले. वाटलं, अंडी सुधारली की बोभाटा आपोआप थांबेल, मला तोंड उघडावंच लागणार नाही. शहाणीच मी!

थोड्याच दिवसांत कवचं टणक झाली. सासू तसं एक अंडं घेऊन घरोघर फिरली. "पाहा, तिचा पाय बंद झाला अन् अंडी सुधरली!" आता गावाला आणखी काय पुरावा हवा होता? मी सांगायला अजूनही वेळ गेली नव्हती. नाही सांगितलं.

तलावात जाळं ओढलं की विधवांना मासोळीचा वाटा मिळायचा. काशीबाईचा बंद झाला. त्या सकाळी ती टोपली घेऊन काठावर उभी होती. माणसांनी वाटे लावले, एकेकाने उचलले, तिच्या टोपलीत कुणी काही टाकलं नाही. मी समोरच मासोळी निवडत बसले होते. तिने माझ्याकडे पाहिलं — बराच वेळ. मग निघून गेली, गावातूनच गेली. पुढे वैनगंगेपलीकडे कुणाच्या तरी ओसरीवर उपाशी मेली, असं कानावर आलं.

तिने माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, मला ठाऊक नाही. पण घेतलं असतं तर मी काय म्हणणार होते, ते ठाऊक आहे. म्हणणार होते, ही खोटं बोलून राह्यली. त्या काठावर बसून मी ते वाक्य मनात घोकून ठेवलं होतं.