निवटीचं नाव

मी घात केला तो प्रणालीचा. चिंचणीच्या प्रणालीचा — गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमा झाल्यावरच्या सोमवारी, भर दुपारी, पालघरच्या आमच्या ऑफिसात पंख्याखाली बसून. आजवर हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा तिला सांगितलं. आता तुम्हाला सांगते. का, ते पुढे येईल.

तुम्ही मला ओळखता. नाक्यावर पत्रकं वाटणारी, 'गप्प बसाल तर खाडी मरेल' म्हणून घसा फोडणारी ती मीच. दुसऱ्याची चूक मला फर्लांगभरावरून दिसते. कारखानदाराची, साहेबाची, ठेकेदाराची. स्वतःची लिहायला बसले तर सकाळपासून नुसता चहावर चहा होतोय.

आमचा एक सर्व्हर आहे. नाल्यात सोडलेलं पाणी, खाडीत मेलेली मासळी, जे दिसेल त्याचे फोटो-व्हिडिओ लोक मोबाइलवरून त्यावर टाकतात. पाठवणाऱ्याचं खरं नाव कुठे दिसू नये म्हणून मी प्रत्येकाला माशाचं नाव दिलं होतं. कुणी मांदेली, कुणी घोळ, कुणी बोय. प्रणालीने आपलं नाव स्वतः निवडलं — निवटी. चिखलात हात घातला तरी सटकते ती. बोईसरला ज्या कारखान्यात ती ठेक्यावर पॅकिंगला होती, त्याच्याच मागच्या भिंतीखालून रंगीत पाणी नाल्यात उतरायचं. तो नाला खाडीला मिळतो, आणि त्या खाडीत तिचे बाबा जाळं टाकतात. निवटीचे व्हिडिओ हा आमचा सगळ्यात पक्का पुरावा होता. "नाव कळनार नाय ना, ताई?" एवढंच तिने विचारलं होतं. मी म्हणाले होते, ती जबाबदारी माझी.

मग पासवर्डचा वैताग. कधीही फोन. "ताई, घोळ बोलतोय. माजा पासवर्ड काय वो?" मी एस्टीत उभी, आजूबाजूची माणसं बघतायत, आणि मी घोळाला पासवर्ड सांगतेय. कंटाळले. हे कारण झालं, की सबब? ठरवलं, वेगवेगळे पासवर्ड बंद. बैठकीच्या निरोपांसाठी सगळ्यांना ईमेल खाती उघडून दिलेली होतीच — खऱ्या नावांनी. त्याच खात्यातून सर्व्हरचंही दार उघडेल असं करायचं. सिंगल साइन-ऑन म्हणतात त्याला. खात्याने सर्व्हरला सांगायचं, हा माणूस आपला आहे, आत घे.

पण काय काय सांगायचं, ते जोडणाऱ्याने ठरवायचं असतं. मी ईमेल जोडला. 'नाव' हा रकाना रिकामा सोडला तर जोडणी पुढे सरकेना. तिथे माशांची नावं एकेक करून हाताने भरता आली असती. मी नाही भरली. खात्यातलं पूर्ण नाव जोडून टाकलं. दार उघडलं. वरच्या कोपऱ्यात माझं नाव आडनावासकट झळकलं — आणि मला ते बरं वाटलं. नीटनेटकं वाटलं.

म्हणजे मला दिसलं होतं. मग पुढचं कसं नाही सुचलं? माझं नाव दिसतंय तर तिचंही दिसत असेल, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मला कळलं नाही — की कळलं आणि मी पडद्यावरची खिडकी बंद केली? इथे येऊन माझं डोकं चालत नाही.

निवटीच्या जुन्या व्हिडिओंखालीही आता प्रणालीचं पूर्ण नाव होतं. आणि त्या फोल्डरची लिंक मी आधीच एका सरकारी कार्यालयात आणि काही वार्ताहरांना देऊन बसले होते. ती उघडेल त्याला नाव दिसत होतं.

त्याच आठवड्यात ठेकेदाराने तिला गेटवर अडवलं. आजपासून यायचं नाही. ती न उघडलेला डबा हातात घेऊन तशीच पालघरला आली. "ताई, त्यांना माजं नाव कसं कळलं?"

मी तिला बसवलं. पाणी दिलं. मग तिच्याकडे पाठ करून ती लिंक उघडली. नाव होतं. मी ते पुसून निवटी केलं — आधी ते केलं, बरं का — आणि मग वळून विचारलं, "तू कुणाला बोलली होतीस का?"

ती गोंधळली. बराच वेळ आठवत राहिली. "वैशालीला. डबा खाताना. पन ती नाय सांगनार."

"मग झालं," मी म्हणाले.

वैशाली म्हणजे तिच्या शेजारी पॅकिंगला उभी राहणारी. सांगलीकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे बोईसरला आलेली, हिच्या डब्यातल्या सुक्या जवळ्यावर जीव टाकणारी. आमच्या बैठकांना यायची. पुढच्या बैठकीला आली तेव्हा सगळ्यांचं बोलणं थांबलं. मी नवीन पत्रक काढलं होतं : 'आपल्याच जिभेने आपला घात'. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. गरज काय होती? प्रणाली कुणाजवळ बोलली होती, ते तोवर सगळ्यांना ठाऊक होतं. "बाहेरचीच ती, तिला खाडीचं काय," कुणीतरी म्हणालं. मी मान हलवली. ती दाराशी जरा वेळ बसली, मग चपला घालून गेली. नंतर आली नाही. प्रणालीनेही तिचे फोन घेणं बंद केलं.

आता मला काय माहीत आहे? ठेकेदाराने ती लिंक पाहिली का — माहीत नाही. वैशाली खरंच कुठे बोलली का — तेही माहीत नाही. या धुक्यात मी वर्षभर आरामात राहिले. पण 'मग झालं' म्हणताना माझ्या पाठीमागच्या पडद्यावरून मी काय पुसलं होतं, ते मला माहीत होतं. ते धुकं नव्हतं.

परवा चिंचणीला गेले. प्रणाली आता आईबरोबर सुकी मासळी विकते. बाजार उठत होता, ती बोंबील पाटीत भरत होती. मी सगळं सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे वैशाली नाय बोलली?"

"माहीत नाही. तिचं नाव मी घ्यायला लावलं."

तिने पाटीवर फडकं टाकलं. "मी जाईन तिच्याकडं. पन मी एकटीनं जाऊन काय व्हनार, ताई? तुमी गावाला सांगितलं. गावानं बोईसरला."

म्हणून हे तुमच्यासमोर. मला माफ करा असं म्हणत नाही. ते तुमच्या हातातही नाही. पण ते पत्रक तुम्ही घरी नेलंत, आणि वैशालीचं नाव — जे त्यात नव्हतं — तुम्ही पुढे सांगितलंत. ज्याला सांगितलंत त्याच्या दारी जा. आपल्याला काहीच माहीत नव्हतं, असं त्याला सांगा. आणि वैशाली समोर आली तर बोलणं थांबवू नका.