हिरवळीत पुरलेले सुरुंग

निर्मलाताई गेल्याचं आमच्या सेवाभावी क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली होती. मीही एक टाकलं आणि फोन उलटा ठेवला. शोकसभेत सगळे त्यांच्या कामाबद्दल भरभरून बोलले आणि ‘त्या एका प्रसंगा’पाशी येऊन अडखळले... तो प्रसंग माझ्यामुळे घडला होता. हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं.

ताई निवृत्त शिक्षिका. भूसुरुंगात पाय गमावलेल्यांसाठी त्यांनी नाशिकच्या एकेका क्लबात जाऊन चार-पाच जणांचे गट बांधले होते. कृत्रिम पाय बसवायला आलेल्यांच्या सोबत राहायचं, नव्या पायावर चालायला लागेपर्यंत त्यांना सोडायचं नाही, हे गटांचं काम. “देणगी देऊन मोकळे होऊ नका, माणसाबरोबर चाला,” असं त्या आम्हाला बजावत. सटाण्याकडचे सोनवणे हवालदार सैन्यात सुरुंग काढतानाच पाय गमावून बसलेले. ते त्याबद्दल घरातही बोलत नसत. ताईंनी पुन्हा पुन्हा त्यांच्या गावी जाऊन त्यांना आमच्या वार्षिक कार्यक्रमात बोलायला तयार केलं.

त्या वर्षी अध्यक्ष मी होतो. नुसत्या भाषणाला लोक येत नाहीत, म्हणून सातपूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी स्प्रिंगच्या पट्ट्या करून घेतल्या. वर पाय पडला की दिवाळीतली टिकली फुटायची. त्या हिरवळीत पुरायच्या आणि पाहुण्यांनी त्यातून चालायचं, अशी माझी कल्पना.

“अण्णा, जत्रेतला खेळ आहे का हा? हवालदार येणारेत,” ताई म्हणाल्या.

“बरं बाई, राहिलं,” मी म्हणालो. आणि त्यांना न सांगता पट्ट्या पुरल्या.

सोनवणे मंचाकडे निघाले आणि शेजारून चाललेल्या एका बाईंच्या पायाखाली टिकली फुटली. लोक हसले. हवालदार जागीच थिजले.

“कोणी हलू नका!”

हसणं थांबलं. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. “अहो, खोटं आहे ते, या पुढे,” मी माइकवरून म्हणालो. त्यांना ते ऐकूच गेलं नाही. ताई धावल्या, तसे ते ओरडले, “ताई, तिथंच थांबा! आधी गवत बघा!”

ताई थांबल्या. रेशमी साडीनिशी गुडघ्यांवर बसल्या. बोटांनी गवत चाचपत, सापडेल ती पट्टी उपसून बाजूला ठेवत, इंचाइंचाने त्यांच्याकडे सरकल्या. जवळ पोचल्यावर त्यांनी हात पुढे केला. “वाट मोकळी झाली, दादा.”

“हे तुम्ही पेरलं, ताई?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माइक माझ्या हातात होता... मी तो बंद केला.

“कार्यक्रम माझा आहे,” त्या म्हणाल्या.

हवालदारांनी तो हात धरला नाही. ताईंनी मोकळ्या केलेल्या वाटेनेच ते फाटकाबाहेर गेले, ते पुन्हा आले नाहीत. पुढच्याच बैठकीत ताईंवर ठपका ठेवून आमच्या क्लबातला गट बंद झाला, पाठोपाठ इतर क्लबांतलेही. आमच्याकडचा ठराव मीच मांडला होता.

ताई अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा माफी मागायचीच, असं ठरवून गेलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनीच विचारलं, “अण्णा, हवालदारांना खरं सांगितलंत का हो?”

“हो. केव्हाच.”

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. “बरं झालं. तेवढंच मनाला लागून होतं...”

माफी मागायची, तर तो ‘हो’ आधी परत घ्यावा लागला असता. “काळजी घ्या,” एवढंच म्हणालो आणि जिना उतरलो.