शिवाच्या कोंबड्या

हौसाबाई आमच्या शेजारी राहायला आली तेव्हा तिच्यासोबत एक ट्रंक, एक पाटा-वरवंटा आणि पाच कोंबड्या होत्या. ट्रंकेचं नि पाट्याचं मला काही नव्हतं. कोंबड्या म्हटल्यावर मात्र माझ्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण भिंतीच्या अलीकडे माझी शेवंती होती. "श्यामला, अजून एकही कोंबडी भिंत चढलेली नाही," आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, चढेपर्यंत वाट बघायची का?

पेणच्या खाडीकाठच्या गावात हौसाबाईचा नवरा शिवा वारला, आणि रोह्याच्या कंपनीत असलेल्या तिच्या मुलाने, साहिलने, आईला वरसे गावात आपल्या घरी आणलं. शिवा उन्हाळ्यात मिठागरात राबायचा आणि पावसाळ्यात पेणला गणपतीच्या कारखान्यात. सीझन संपला की मूर्तीच्या शेल्याचा उरलेला लाल रंग तो बाटलीत भरून घरी आणायचा. कोंबड्यांची जुनी पिसं झडून नवी आली की प्रत्येकीच्या पाठीवर, शेपटीजवळ, त्याचा एक पट्टा ओढायचा. गावात सगळ्यांच्याच कोंबड्या बांधावर एकत्र चरायच्या, म्हणून ज्याची त्याची खूण. संध्याकाळी कुणीतरी हाक मारायचं, "हौसे, शिवाची कोंबडी आमच्याकडं आली गो!" हे तिने मला इतक्यांदा सांगितलं, की ती हाक मलाही पाठ झाली.

आमच्या गल्लीत दुसरी कोंबडी नाही. तरी त्या वर्षी नवी पिसं आल्यावर हौसाबाईने पाचही जणींच्या पाठीवर रंग ओढला.

"इथं कुणाच्यात मिसळणार आहेत त्या?" मी विचारलं.

"असू द्या, बाई," ती म्हणाली. मी शाळेत शिकवायचे, म्हणून ती मला बाईच म्हणते.

कुत्र्यांच्या भीतीने साहिलने मागच्या दारी जाळी मारून दिली होती. आत दोन खाटा कशाबशा मावल्या असत्या. ज्यांनी जन्मभर बांध उकरले त्या कोंबड्या आता दिवसभर एकमेकींची तोंडं बघत उभ्या. पंधरवड्यात त्यांनी एकमेकींची पिसं उपटायला सुरुवात केली. पांढऱ्या ढवळीचे सगळ्यांत हाल. तिच्या शेपटीजवळचं कातडं उघडं पडलं नि रक्त आलं.

हौसाबाईने हळद-तेल लावलं, सुकट कुटून घातली, शिंपल्यांचा चुरा घातला. मी कोबीचा गड्डा दोरीला बांधून दिला, म्हटलं टोचायचं तर ह्याला टोचा. तो संपला, की पुन्हा ढवळी होतीच. शेवटी गुरांच्या दवाखान्यातल्या सुरभीला मीच बोलावून आणलं.

सुरभीने ढवळीला उचलून बघितलं. "आजी, हा रंग आधी काढा. लाल दिसलं की ह्या चोच मारतात. जखम पुरी भरेपर्यंत हिला डाल्याखाली वेगळी ठेवा, आणि जाळी वाढवून घ्या."

"लग्नापासनं रंग लावतोय आमी. कदी कुनी टोचली नाय."

"तिकडं त्या मोकळ्या होत्या. इथं दिवसभर करतील काय?"

हौसाबाईने कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं काढलं. ढवळीला तिने डाल्याखाली ठेवलं, जाळी वाढवायला साहिलला सांगितलं, पण त्याला शिफ्टमधून सवड होईना. रंग मात्र तिने काढला नाही. मी रोज भिंतीवरून विचारायचे आणि ती रोज उद्यावर ढकलायची. ताकास तूर लागू देईना.

ढवळी डाल्याखाली दिवसभर ओरडायची. जखमेवर खपली धरते न धरते तोच हौसाबाईने तिला पुन्हा जाळीत सोडलं. "एकटीला ठेवलेली बगवत नाय, बाई." दुसऱ्या दिवशी दुपारी ती कपडे धुऊन येईपर्यंत चौघींनी ढवळीची पाठ फाडली होती. मी पोचले तेव्हा ढवळी तिच्या मांडीवर होती, आणि थोड्या वेळाने तिथेच गेली.

मला राग आवरला नाही. "एवढं सांगितलं होतं ना, हौसाबाई! रंग काय, पुन्हा लावता आला असता!"

ती उठली, घरातून बाटली घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. बाटली कोरडी होती. आत ब्रश तळाला चिकटून बसला होता.

"त्यानं आनलेला शेवटचा," ती म्हणाली. "आता ह्या चौघींच्या अंगावर हाय, तेवढाच."

मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या रागाचीच लाज वाटली.

पेरूखाली ढवळीला पुरून झाल्यावर तिने माझ्याकडे कात्री मागितली. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण माझ्या जिभेवर आली होती. ती मी गिळली. मी एकेक कोंबडी धरली आणि तिने लाल पिसं कातरली. मी कातरते म्हटलं, पण कात्री तिने मला दिली नाही. चौथी सोडल्यावर ती म्हणाली, "गावात मानूस गेला तरी नाव ऱ्हायला होता. कोंबडी चुकली की घेत व्हते. इथं त्याला कोन वळकतो?"

मी पिसं गोळा करायला लागले. ती तिने माझ्याकडून घेतली आणि पदरात बांधली.

टोचाटोची हळूहळू थांबली. साहिलने सुट्टी काढून जाळी वाढवली. हौसाबाई संध्याकाळी काठी घेऊन बसायची आणि कोंबड्यांना घटकाभर मोकळं सोडायची. शिवाचं नाव मात्र तिच्या तोंडून पुन्हा आलं नाही. तिचं जेवण निम्म्यावर आलं, असं तिची सून मला सांगायची.

मग एका संध्याकाळी एक कोंबडी भिंत चढून आलीच. कातरलेल्या शेपटीची, तांबूस. माझ्या शेवंतीची दोन रोपं तिने मुळासकट वर काढली. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि तोंडून भलतंच निघालं.

"हौसे, शिवाची कोंबडी आमच्याकडं आली गो!"

मग ओल्या हातांनी हौसाबाई फाटकातून आत आली. कोंबडीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. माझ्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. ढवळी गेली तेव्हा ती अशी रडली नव्हती. मी तिच्याजवळ बसले.

कोंबडी तोवर तिसऱ्या रोपापाशी पोचली होती. मी तिला उकरू दिलं.